ओव्हाळ मास्तरांचा गुडघा

ओव्हाळ मास्तर आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आले ते मुलाखतीसाठी. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी साहेबांना सांगितलं, "साहेब, तुमच्या जिन्याची नववी पायरी बाकीच्यांपेक्षा आखूड हाय. कोणतरी पडंल." साहेब आदल्याच आठवड्यात त्या पायरीवरून पडले होते आणि ही गोष्ट त्यांनी ऑफिसात कुणालाही कळू दिली नव्हती. आम्हाला त्यांचं लंगडणं दिसत होतं, पण ते म्हणायचे, नवीन बूट चावतो.

आमचं ऑफिस बारामतीत मार्केट यार्डाच्या मागं, एका खताच्या दुकानावर. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ज्यांनी वाइनची द्राक्षं लावली होती, त्यांच्यासाठी आम्ही काम करायचो. रोज सकाळी त्यांच्या मोबाइलवर निरोप जायचा: आज हवा कशी, उद्या कशी आणि त्या हवेत बागेत कुठला रोग किंवा कीड डोकं वर काढील. त्यासाठी शिवारात ठिकठिकाणी हवामानाची यंत्रं उभी केली होती. ऊन, वारा, पाऊस, पानावर दव किती वेळ टिकलं, हे सगळं ती यंत्रं मोजायची आणि माझ्या कॉम्प्युटरवर पाठवायची. मी साताऱ्याहून शेतकी पदवी घेऊन आलेली. आकडे बघायचे, अंदाज बांधायचा आणि निरोप लिहायचा, हे माझं काम. पण यंत्राला बागेत जाऊन वेलीचं पान उलटून बघता येत नाही. त्यासाठी एक माणूस हवा होता.

मुलाखतीला आलेले बाकीचे सगळे शेतकी पदविका घेतलेले तरुण होते. ओव्हाळ मास्तर एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट, बारीक कापलेले पांढरे केस आणि खिशाला दोन पेनं. एक लिहायचं आणि दुसरं कुणी मागितलं तर द्यायचं. दुसऱ्यात रिफिल नव्हती. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "तसलं पेन दिलं म्हंजी मागणारा लगीच परत करतो."

साहेबांनी विचारलं, "द्राक्षावरचे रोग माहीत आहेत?"

"न्हाय."

"किडी?"

"न्हाय."

"मग तुम्हाला येतं काय?"

"मोजता येतं, साहेब. आन जे मोजलं तेच लिवता येतं. ह्या दोन गोष्टी एका माणसात सहसा गावत न्हाईत."

साहेब हसले आणि एक महिना बघू म्हणाले. त्या महिन्याची मुदत कधी संपली ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी त्यांना रोग शिकवले. पानावर कुणी राख फुंकल्यासारखी दिसते ती भुरी. पानाच्या वरच्या बाजूला तेलाचा डाग आणि उलटून बघितलं तर खाली पांढरी लव, ती डावणी. मास्तर आठवड्याभरात तरबेज झाले, एवढंच की त्यांनी नावं बदलून टाकली. भुरी झाली 'पावडरवाली', डावणी झाली 'तेलकट', आणि डोळ्याला दिसतील न दिसतील असे फुलकिडे, त्यांना ते फुकट्या प्रवाशांसारखं 'विदाऊट' म्हणायचे.

मोजण्याची त्यांची रीत ठरलेली होती. ठरावीक वेली, प्रत्येक वेलीची ठरावीक पानं, तोंडानं मोठ्यानं मोजत. मध्येच कुणी बोललं की तळहात वर करायचे, थांबायचे आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायचे. वेलीजवळ उभं राहून 'काय मास्तर, चहा घेणार का' असं विचारणाऱ्या बागायतदाराला आधी कळायचं नाही, की या एका प्रश्नानं चहा पाऊण तास लांबला आहे. पुढं पुढं दोन्ही तालुक्यांत शिस्त लागली. मास्तर बागेत शिरले की माणसं खुणांनी बोलायची.

माझी भाषाही त्यांनीच सुधारली. सुरुवातीला मी निरोप लिहायची: 'पर्णभागावरील आर्द्रतेचा कालावधी वाढण्याची शक्यता असल्याने बागायतदारांनी सतर्क राहावे.' मास्तरांनी तो मोबाइल लांब धरून वाचला आणि विचारलं, "म्याडम, हे तुमी कुणाला सांगताय? कलेक्टरला?"

"शेतकऱ्यांना."

"मग असं लिवा: आज दव जास्त. धा वाजूस्तोवर पान ओलं ऱ्हाईल. धानंतर बाग बघा."

तेव्हापासून निरोप तसेच जाऊ लागले. लोक ते वाचू लागले, हीसुद्धा एक नवी अडचण झाली, कारण वाचलं की ते उलटून विचारायचे.

मग बावड्याला रोज पाऊस पडायला लागला.

म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवर पडायला लागला. इंदापूर तालुक्यात बावड्याला आबा म्हणून एक बागायतदार आहेत, त्यांच्या रानात आमचं एक यंत्र. त्यावर रोज सकाळी साडेदहाच्या सुमारास सर यायची. कधी चार मिलिमीटर, कधी सहा. रविवारी जास्त. बाकी सगळीकडं कडक ऊन. पाऊस म्हटला की डावणीचा धोका, म्हणून मी इमानेइतबारे निरोप पाठवत होते आणि तिकडून फोन येत होते, "म्याडम, हितं धुरळा उडतुया आन तुमी पावसाचं काय लावलंय?" पुण्याहून यंत्राचे इंजिनिअर आले. त्यांनी यंत्र उघडलं, बॅटरी बदलली, चहा घेतला आणि यंत्र उत्तम आहे असं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी साडेदहाला पुन्हा पाच मिलिमीटर.

मास्तर म्हणाले, "मी बसून बघतो."

सकाळी आठ वाजता डबा घेऊन ते आबांच्या रानात बाभळीखाली जाऊन बसले. साडेदहा वाजून गेले आणि त्यांचा फोन आला.

"म्याडम, पाऊस सुरू झाला."

"कसा आहे?"

"हिरव्या काठाचा."

मला वाटलं फोन नीट ऐकू येत नाही. मास्तर हळू आवाजात, सावकाश म्हणाले, "साडी हाय. आबांच्या सूनबाईंनी धुणं धुतलं आन पिळून यंत्राच्या कुंपणावर टाकलं. साडी लांब, म्हणून तिचा पदर पाऊस मोजायच्या नळकांड्यावर. आता थेंब थेंब पडतुया. तुमच्याकडं दिसतोय का?"

माझ्यासमोर आकडा वाढत होता. रविवारी पोरांचे शाळेचे कपडे असायचे, म्हणून रविवारी पाऊस जास्त.

मास्तर सूनबाईंना, म्हणजे आमच्या वहिनींना, रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, एवढं रान पडलंय, हितंच का? वहिनी म्हणाल्या, "अख्ख्या रानात ही येकच जागा अशी हाय, की झाडाची सावली न्हाय, गुरं आत येत न्हाईत, आन तारंला गंज न्हाय." आमच्या तज्ज्ञांनी यंत्रासाठी ती जागा निवडताना अहवालात हीच तीन कारणं लिहिली होती. मास्तरांनी गावातून नायलॉनची दोरी आणली, विहिरीजवळच्या दोन खांबांना बांधून दिली आणि वहिनींना म्हणाले, "ताई, तुमची साडी वाळती, पर तालुक्यातली शंभर माणसं औषध मारायला पळत्यात."

या गोष्टीचा वहिनींना भलताच अभिमान वाटला. पुढं उन्हाळ्यात एकदा त्यांचा मास्तरांना फोन आला, "मास्तर, लई उकडतंय ओ. पाडू का पाऊस?"

मास्तर बौद्ध घरातले. वडील छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. पंचशील मास्तर नुसतं म्हणत नव्हते, पाळत होते. त्यातलं पाचवं शील दारूबिरूपासून लांब राहण्याचं. त्यामुळं वाइनच्या द्राक्षांच्या नोकरीवरून विहारात त्यांची पौर्णिमेच्या पौर्णिमेला चेष्टा व्हायची. एकदा कुणीतरी सगळ्यांदेखत विचारलं, "मास्तर, पाचवं शील घेता आन दारूच्या द्राक्षाची राखण करता?" मास्तर म्हणाले, "एस.टी.त तंबाखू मळणाऱ्यालाबी मी तिकीट फाडत हुतो. मी कुठं खाल्ली?"

ज्या वाइनरीला आमचे बागायतदार माल देत, तिथं हंगाम संपल्यावर एकदा सगळ्यांना बोलावलं. ही द्राक्षं खायची नव्हेत. मणी बारीक, साल जाड, बिया मोठ्या, घड असा गच्च की बोट शिरत नाही. इतकी वर्षं पिकवून त्यांची वाइन कशी लागते हे बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. प्रत्येकाच्या हातात पेला आला. बागायतदारांनी एकमेकांकडं बघत, मग भिंतीकडं बघत पेले रिकामे केले. मास्तर आपला पेला दोन्ही हातांनी धरून कार्यक्रम संपेपर्यंत उभे होते. निघताना तो तसाच भरलेला परत दिला आणि तिथल्या साहेबांना गंभीरपणे सांगितलं, "माल बघितला. रंग बरोबर हाय."

पण वाइनरीच्या एका नियमावर मास्तर फार खूश होते. द्राक्षात औषधाचा अंश सापडला तर माल परत. त्यामुळं उगाच फवारलं तरी मरण आणि वेळेवर नाही फवारलं तरी मरण. मधली वाट आम्ही दाखवायची. मास्तर म्हणायचे, "म्हंजी खोटं बोलून चालणारच न्हाय, असा हा येकच धंदा दिसतुया."

पणदऱ्याच्या बापूरावांचं मत वेगळं होतं. बापूराव पट्टीचे बागायतदार, पण त्यांना बागेत रोग आहे असं कुणी म्हटलं की घरातल्या माणसाला नावं ठेवल्यासारखं वाटायचं. मास्तर येणार कळलं, की ते पहाटे उठून बाग स्वच्छ करायचे. डाग पडलेलं एकेक पान खुडून टाकायचे. मास्तर आले, मोजलं, शून्य. पुन्हा आले, शून्य. तिसऱ्यांदा शून्य आलं तेव्हा मास्तर वही मिटून बागेभोवती एक फेरी मारून आले. मागच्या अंगाला बापूरावांचा शेणखताचा खड्डा होता. मास्तर धोतर खोचावं तशी पँट वर खोचून खड्ड्यात उतरले आणि मोठ्यानं मोजायला लागले.

बापूराव धावत आले. "ओ मास्तर, खत कशाला मोजताय?"

मास्तरांनी तळहात वर केला. पुन्हा एकपासून सुरू केलं. सगळं मोजून झाल्यावर वर आले, हात धुतले आणि वहीत लिहिलं. मग म्हणाले, "बापूराव, उतरलेली माणसंबी मोजावी लागत्यात. तुमी बारावीत असताना बारामतीला कॉलेजला यायचा, आठवतंय? चुलतभावाच्या पासवर."

बापूरावांचे आता पन्नाशी ओलांडलेले कान लाल झाले. "तुमाला ठावं हुतं?"

"फोटोत चष्मा हुता. तुमाला न्हवता."

"मग तवा उतरवलं का न्हाय?"

"परीक्षा हुती तुमची." एवढं बोलून मास्तरांनी मोपेडला किक मारली. बापूरावांनी त्याच दिवशी बागेला औषध मारलं, पण पुढं महिनाभर भेटेल त्याला ते मास्तरांची तक्रार सांगत होते, की हा माणूस खताच्या खड्ड्यात उतरतो.

असा हा माणूस. त्याच्या हातून चूक होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. छाटणीनंतर फुटलेल्या वेली फुलोऱ्यात आल्या होत्या. या दिवसांत डावणी आली तर पानावर थांबत नाही, कोवळ्या घडावर जाते आणि घड वाळून गळून पडतो. दोन दिवस आभाळ भरून आलेलं, दव जड. माझी यंत्रं धड 'धोका आहे' म्हणत नव्हती, धड 'नाही' म्हणत नव्हती. अशा वेळी मी निमगावच्या नानांच्या बागेकडं डोळे लावून असायची. नानांची बाग ओढ्याच्या काठाला, उतारावर. ओल आधी तिथं धरते. रोग आला तर त्या बाजूला सगळ्यात आधी नानांच्या खालच्या ओळींत दिसणार.

बुधवारी मास्तर तिथं गेले आणि त्यांचा नेहमीसारखा फोन आला. "स्वच्छ हाय. डाग शून्य."

मी निरोप पाठवला: फवारणीची गरज नाही. निमगाव, लासुर्णे सगळ्या पट्ट्यातल्या लोकांनी औषधाचे पंप बाजूला ठेवले.

शुक्रवारी सकाळी मी ऑफिस उघडायला आले तर मास्तर जिन्यात बसलेले. एक पाय सरळ पसरलेला. उठले नाहीत.

"म्याडम, मी बुधवारी खोटं लिवलं."

त्यांनी सांगितलं ते असं. गुडघा आठ दिवसांपासून सुजला होता, कुणाला बोलले नव्हते. नानांच्या बागेत अठरा ओळी. चौदा मोजल्या. शेवटच्या चार ओढ्याकडं उतरत्या. उतरायला गेले तर गुडघा वळेना. वरून बघितलं, हिरवंगार दिसलं. वहीत चारही ओळींपुढं शून्य मांडलं आणि घरी गेले. दोन रात्री डोळा लागला नाही. आज फटफटताच उठून गेले, बसत बसत उतरले आणि पान उलटून बघितलं.

"तेलकट?" मी विचारलं.

"चारी ओळीत. घडावरबी जायला लागलाय." आणि मग खाली बघून म्हणाले, "मोजलं न्हाय ते लिवलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा."

मी साहेबांना फोन लावला. ते दहा मिनिटांत आले, नववी पायरी सांभाळून चढले. सगळं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. निरोप ताबडतोब जायला हवा, याबद्दल दुमत नव्हतं. प्रश्न होता काय लिहायचं. साहेब म्हणाले, "लिहा: तांत्रिक कारणामुळे बुधवारच्या सल्ल्यात बदल करण्यात येत आहे."

मास्तर म्हणाले, "तांत्रिक म्हंजी यंत्राचं. यंत्रानं काय केलंय, साहेब? बिचारं उन्हात उभं हाय. त्याच्यावर कशाला आळ? गुडघा माझा हाय."

"मास्तर, लोकांचा विश्वास जाईल. उद्यापासून कुणी आपला निरोप वाचणार नाही."

"तांत्रिक कारण लिवलं तर आजच वाचणार न्हाईत. म्हणतील, ह्येंचं नेहमीचंच हाय, संध्याकाळी बघू. संध्याकाळपातूर घड ऱ्हाणार न्हाईत. मी काय केलं ते लिवा, म्हंजी माणसं घाबरून पळतील. मला नंतर काढून टाका."

साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "ते सांगतात तसं लिही."

मास्तरांनी सांगितलं, मी टाइप केलं:

'निमगाव-लासुर्णे भागातल्या बागायतदारांना. बुधवारचा निरोप चुकीचा होता. मी बागेच्या शेवटच्या चार ओळी न बघता स्वच्छ लिहिलं. गुडघा दुखत होता. हे कारण आहे, सबब नाही. तिथं डावणी आहे. दुपारच्या आत आपापली बाग बघा, खालच्या ओळी आधी. डाग दिसला तर आजच फवारा. वसंत ओव्हाळ.'

निरोप गेला. मास्तर उठून जिन्याकडं निघाले. "सगळे मोबाइल बघत न्हाईत, म्याडम. दारात जाऊन सांगावं लागंल."

पहाटेच्या चढउतारानं गुडघा आणखी सुजला होता, आता त्यांना मोपेडला किक मारता येत नव्हती. मी माझी स्कूटर काढली. मास्तर मागं बसले, एक पाय पाळण्याच्या दांडीसारखा सरळ बाहेर काढून, वही छातीशी धरून. समोरून येणारा प्रत्येक ऊस भरलेला ट्रॅक्टर त्या पायाला घाबरून बाजूला होत होता.

पहिलं घर लासुर्ण्यात. मास्तर स्कूटरवरूनच म्हणाले, "दादा, मी बुधवारी चुकलो. बाग न बघता लिवलं." घरधनी म्हणाला, "मेसेज वाचला. पोरगा बागेतच हाय माझा, फवारायला ब्लोअर लावलाय." आणि थोडं थांबून, "गुडघा लई दुखतोय का ओ?"

दुसऱ्या घरी शिव्या मिळाल्या. भरपूर. मास्तरांनी त्या पूर्ण ऐकल्या आणि त्या माणसानं दम घेतला तेव्हा विचारलं, "औषध हाय का घरात, का आणून देऊ?" तिसऱ्या घरच्या आजींनी, "आदी पाय दावा," म्हणून निर्गुडीचा पाला गरम करून बांधला. चौथ्या घरी त्यावर एरंडाचं पान चढलं. पाचव्या घरच्या काकूंना निर्गुडी पटत नव्हती, त्यांनी आधीचं सोडून हळद आणि आंबेहळद थापली आणि वरून निर्गुडीही परत बांधली, कारण टाकून कशी द्यायची. दुपारपर्यंत मास्तरांचा पाय असा दिसायला लागला, की त्याच्यावरच फवारणी करायला हवी.

बापूरावांचा पणदऱ्याहून फोन आला. त्यांचा या पट्ट्याशी काही संबंध नव्हता, पण निरोप फिरत फिरत तिकडं गेला होता. "काय मास्तर, माझ्या खड्ड्यातली पानं मोजलीत आन नानाच्या ओळी सोडल्या?"

"व्हय, बापूराव."

बापूरावांनी बहुतेक आणखी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. पण इतक्या सरळ 'व्हय'पुढं ते एवढंच म्हणाले, "पाय वर घिऊन बसा जरा," आणि फोन ठेवला.

नानांच्या घरी आम्ही सगळ्यात शेवटी गेलो. पहाटे त्या ओळींतून वर आल्या आल्या मास्तरांनी त्यांना गाठून सांगितलंच होतं, त्यामुळं नानांनी फवारणी कधीच सुरू केली होती. पण तेव्हा नाना ऐकून न ऐकल्यासारखं करून पंपाकडं गेले होते. आता काम उरकून ते ओट्यावर बसले होते. उंच, कमी बोलणारा माणूस. मास्तर स्कूटरवरून उतरले, पाला सांभाळत त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"नाना, माझ्यामुळं झालं."

नाना म्हणाले, "दोन दिवस."

"व्हय. दोन दिवस."

नाना उठून आत गेले. आतून पाणीही आलं नाही. देशावर घरी आलेल्याला पाणी न विचारणं म्हणजे काय, ते मास्तरांना सांगायची गरज नव्हती. परत येताना ते फक्त एकदा म्हणाले, "बरोबर हाय त्येंचं."

त्या पट्ट्यातल्या बाकी बागा वाचल्या. कुणाचे चार घड गेले, कुणाचे दहा. नानांच्या चौदा ओळी वाचल्या, खालच्या चार गेल्या. वर्षभराची मेहनत त्या चार ओळींत काळी पडून खाली गळली. साहेबांनी मास्तरांना काढलं नाही. काढलं असतं तर लोकांनी ऑफिसवर मोर्चा आणला असता, कारण संध्याकाळी बागायतदारांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, 'हवामानवाल्यांचं आजपर्यंत कितींदा चुकलं. पण चुकलं म्हणून सांगायला दारात कोण आलं नव्हतं.' त्याखाली पन्नासएक अंगठे होते आणि गुडघ्यावरचे तेरा घरगुती उपाय.

मास्तरांनी डॉक्टर गाठला, गोळ्या घेतल्या, गुडघ्याला पट्टा बांधला. आणि दुसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी, कुठंही जायच्या आधी, निमगावला नानांच्या बागेत जाऊ लागले. ते सरळ खालच्या चार ओळींत उतरायचे. तिथं आता घड नव्हते, नुसती पानं. ती मोजायचे, वहीत लिहायचे आणि पुढच्या गावाला जायचे. नाना बांधावर उभे असायचे. बोलायचे नाहीत. मी मास्तरांना म्हटलं, तिथं मोजण्यासारखं राहिलंय काय? म्हणाले, "ते मला ठावं न्हाय. मोजायचं ऱ्हायलं हुतं, एवढं ठावं हाय."

असा जवळजवळ महिना गेला. एका सकाळी मीही बरोबर होते, यंत्राची तार बदलायला. मास्तर नेहमीसारखे खाली उतरले, मोजलं, वर आले आणि मोपेडकडं निघाले. बांधावरून आवाज आला.

"मास्तर."

मास्तर थांबले.

नाना म्हणाले, "वरच्या चौदा ओळीबी बघा की येकादिवशी. का ती बाग माझी न्हाय?"

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. नाना घराकडं तोंड करून ओरडले, "आगं, पाणी आण. आन चहा टाक. दोगंजण हाईत."

त्या दिवशी मास्तरांनी अठराच्या अठरा ओळी मोजल्या. चहा मात्र गार झाला, कारण मोजणी चालू असताना नाना मध्येच काहीतरी बोलले.

फेब्रुवारीत काढणी संपली आणि माझी बदली सांगलीला झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी मास्तरांना शोधत गेले. घरी कळलं, लासुर्ण्याला गेलेत. त्यांना त्या दिवशी तिथं कुणी बोलावलं नव्हतं. माल गेलेला, बागेत कुणी नाही, वेली रिकाम्या. एका वेलीच्या बुंध्याशी मास्तर दुखरा पाय पसरून जमिनीवर बसले होते, मान वाकडी करून, सालीत काहीतरी बघत.

मी येताना मनात चार वाक्यं जुळवून आणली होती. त्यांच्यामुळं मी काय शिकले वगैरे. पेढ्यांचा पुडाही होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "मास्तर, मी उद्या..."

"शूऽ." त्यांनी मान न वळवता बोट ओठांवर ठेवलं. मी वाकून बघितलं. सालीच्या फटीत पांढऱ्या कापसासारखी कीड होती, मिलीबग. वेलीचा रस पिऊन घडावर चिकटा सोडणारी. आणि तिच्यावर एक इवलासा तांबूस-काळा किडा, तिला खाऊन संपवणारा, शेतकऱ्याचा मित्रकिडा, अगदी निवांत बसलेला. आम्ही आजवर तो त्या बाजूला कधी पाहिला नव्हता. कुणी सोडला नव्हता, आपला आपण आला होता.

"जेवतोय त्यो," मास्तर कुजबुजले. त्यांच्या चेहऱ्यावर घरी पाहुणा आल्याचा आनंद होता. मग त्यांनी माझ्याकडं न बघताच हातानं खूण केली. "म्याडम, जरा तिकडं सरका. तुमची सावली त्येच्या ताटात पडतीया."

मी सरकले. पेढ्यांचा पुडा हळूच त्यांच्या वहीशेजारी ठेवला आणि पावलांचा आवाज न करता बागेबाहेर आले.